पुराव्याचा दात

माकणीच्या मथुराबाईनं पुढचा अर्धा तुटलेला दात वीस महिने तसाच ठेवला, तो दिराला शिक्षा व्हावी म्हणून. गावात कुणी विचारलं, "अगं, लोहाऱ्याला दाताची डॉक्टरीण बसती, दात बसवून का घेत न्हाईस?" तर ती म्हणायची, "बसवते की. आधी त्येला आत बसू द्या."

'तो' म्हणजे बब्रुवान, तिच्या मयत नवऱ्याचा धाकटा भाऊ. त्याचं नाव ती तोंडात घेत नसे. नवरा काविळीनं गेला तेव्हा मथुराबाई अडतीस वर्षांची होती आणि मुलगा रणधीर सातवीत होता. तेराव्याच्या दिवशी भावकी जमलेली असताना बब्रुवान म्हणाला, "वैनी, तुमची जमीन म्या करतो. वर्साचं धान्य घालतो. तुमी पोराला घिऊन माहेराला ऱ्हावा." बोलला मऊ आवाजात, पण वाक्य घरून ठरवून आणलेलं होतं. मथुराबाईनं सगळ्यांसमोर त्याला उत्तर दिलं, "माझं कुकू गेलंय, हात न्हाय गेलेले." त्या दिवसापासून दोन घरांत भांडणाशिवाय दुसरं बोलणं झालं नाही.

पुढं तिनं चार एकर स्वतः केली. पेरणीची पाभर धरायला शिकली, सोयाबीनवर फवारणी करायला शिकली, आडत्याशी हुज्जत घालायला शिकली. गडी सांगितलेल्या वेळेला आला नाही तर त्याच्या दारात जाऊन उभी राहायची. तिच्या जिभेची गावाला धास्ती होती. सरपंचसुद्धा तिला बघून गल्ली बदलायचे असं लोक सांगतात, आणि ते फार खोटं नसावं.

वाद होता विहिरीचा. सासऱ्यानं खोदलेली विहीर एकच, विजेचं कनेक्शन एकच, मोटर एकच. चार दिवस पाणी ह्यांचं, चार दिवस त्यांचं. विहिरीच्या काठाला खांबावर स्टार्टरची लोखंडी पेटी होती आणि तिच्या कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. बब्रुवान मधूनच कुलूप बदलायचा आणि 'जुनं गंजलं' म्हणून सांगायचा. नव्या कुलपाची किल्ली मथुराबाईकडे पोचेपर्यंत तिच्या चारांतले दोन दिवस कोरडे जायचे.

मार्चातली गोष्ट. गव्हाला शेवटचं पाणी द्यायचं होतं. सकाळी नऊला लाईट आली तशी मथुराबाई विहिरीवर गेली, तर पेटीला नवं कुलूप. तिनं दगड उचलला, पाच घावांत कुलूप तोडलं आणि पेटीचं दार ओढलं. तेवढ्यात बब्रुवान पलीकडच्या तुकड्यातून आला. त्याच्या हातात काही नव्हतं. त्यानं दाराची वरची कड धरली आणि लावायला लागला. मथुराबाईनं खालची कड धरली आणि उघडायला लागली.

"सोडा," ती म्हणाली.

"कुलूप कुणाचं तोडलंत?"

"दिवस कुणाचा हाय?"

दोघंही पाय रोवून उभे. मथुराबाईनं सगळा जोर लावून दार ओढलं आणि नेमकं तेव्हाच बब्रुवाननं हात काढून घेतला. तिच्याच जोरानं पत्र्याची कड तिच्या तोंडावर आली. ओठ फुटला, पुढचा वरचा दात अर्धा तुटला. ती खाली बसली. हनुवटीवरून रक्त गळायला लागलं.

बब्रुवाननं तिच्याकडं बघितलं. पाणी आणलं नाही की हात दिला नाही. "झालं समाधान?" एवढं म्हणून तो आला तसा निघून गेला.

मथुराबाईनं चिखल चिवडून दाताचा तुकडा शोधला. ज्वारीच्या दाण्याएवढा होता. धुऊन पदराच्या गाठीला बांधला, मोटर चालू केली, पाणी गव्हाला लावलं आणि मगच वडापच्या जीपमध्ये बसून लोहाऱ्याला ठाण्यात गेली. हवालदारानं कागद पुढं ओढला. "कशानं मारलं?"

दारानं लागलं म्हणावं, तर दाराला कोण पकडणार? त्यानं हात सोडला म्हणावं, तर हात सोडणं हा काय गुन्हा असतो? आणि त्यानं तो मुद्दाम सोडला होता, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. विहिरीच्या काठावर नेहमी पडलेला बब्रुवानचा नट पिळायचा लोखंडी पाना तिच्या डोळ्यांसमोर आला.

"पान्यानं," ती म्हणाली.

सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. पुढं तिनं लावलेल्या शिवशरण वकिलानं तिला समजावून सांगितलं, "नुसता ओठ फुटला असता तर दोन तारखांत मिटलं असतं. दात तुटला म्हणजे कायद्यात गंभीर दुखापत. मथुराबाई, हा दातच तुमचा पुरावा आहे."

वकील बोलला ते कागदाबद्दल. मथुराबाईनं धरलं ते तोंडाबद्दल. साक्ष होईपर्यंत दाताला हात लावायचा नाही, साहेबांनी तोंड उघडा म्हटलं की उघडून दाखवायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

पहिले काही महिने त्या दाताचा तिला अभिमानच वाटायचा. नंतर त्रास सुरू झाला. गार पाणी लागलं की कळ थेट डोळ्यापर्यंत जायची. भाकरीचा कडक पापुद्रा तोडता येईना. हुरड्याच्या दिवसांत सगळे शेतात बसले तर ही बाजूला बसून दाणे दाढेखाली सरकवायची. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तिचं बोलणं बिघडलं. 'स' आणि 'श' म्हणताना तुटक्या दातातून वारा निघायचा. 'सत्यानाश' हा तिचा जुना, ठेवणीतला शब्द. एकदा पिठाच्या गिरणीत बब्रुवानच्या बायकोनं तिचा डबा मागं सरकवून आपला पुढं ठेवला, तेव्हा मथुराबाईनं तो शब्द काढला आणि त्याची शीळ झाली. रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. बब्रुवानची बायको मात्र उघड हसली. "काय म्हणायल्यात जाऊबाई? जरा नीट सांगा की," ती म्हणाली.

मथुराबाई डबा तिथंच टाकून घरी आली. त्यानंतर गिरणीला सून जायला लागली.

सून वैष्णवी त्याच जिल्ह्यातल्या वाशीची. रणधीर लातूरला सोलर पंपाच्या दुकानात फिटर होता, शनिवारी यायचा. आठवडाभर सासू-सून दोघीच. सासूला ती आत्याबाई म्हणे आणि सहसा उलट बोलत नसे. पण एक दिवस तिनं बघितलं की सासू दुधात भिजवलेली भाकरीसुद्धा डोळे मिटून गिळतेय.

"आत्याबाई, जीभ दाखवा."

"कशाला?"

"दाखवा म्हणलं की."

जिभेच्या शेंड्याला, तुटका दात घासत होता तिथं, पांढऱ्या काठाची जखम झाली होती. वैष्णवीच्या चुलत्याला गालात अशीच जखम झालेली होती. त्यानं वर्षभर ती कुणाला दाखवली नाही आणि नंतर दाखवून उपयोग झाला नाही. तिनं ताट बाजूला केलं. "उद्या लोहाऱ्याला जायचं. न्हायतर म्या ह्यांला आत्ताच फोन करते."

"दाताला हात लावायचा न्हाय."

"जीभ तर दाखवा. मग बघू."

डॉक्टर निवेदिता तुळजापूरच्या मास्तरांच्या घरातली, तिशी उलटलेली, कमी बोलणारी. बसस्टँडच्या मागं तिचा दवाखाना होता. मथुराबाई खुर्चीवर मागं रेलायलाच तयार होईना. ताठ बसून तिनं आधी अट घातली, "डॉक्टरीणबाई, औषध जिभेला द्या. दात हाय तसाच ऱ्हाईल."

निवेदितानं दिवा ओढून तोंडात बघितलं. आरशाच्या दांडीनं ओठ उलटा करून बघितला. "जखम दातामुळं आहे. धार घासली नाही तर औषधानं काही होणार नाही. मावशी, किती दिवस झाले?"

"वीस महिनं."

"वीस महिने का थांबलात?"

"त्यो पुरावा हाय."

वैष्णवीनं मधे पडून सगळं सांगितलं. निवेदितानं हातमोजे काढले. "पुरावा कागदावर असतो मावशी, तोंडात नसतो. मी फोटो काढते, एक्स-रे काढते, तारीख घालून सही-शिक्का देते. मग दात नीट करू."

मथुराबाईला हे पटण्यासारखं वाटलं, म्हणूनच तिचा संशय वाढला. तिनं पदराची गाठ सोडून दाताचा तुकडा पुढं केला. "ह्ये बी लिहा. आन् कागदावर लिहा की पान्याचा घाव हाय."

"त्याच दिवशी दुधात घालून आणला असता तर कदाचित हाच चिकटवता आला असता," निवेदिता तुकडा बघत म्हणाली. "आणि पान्याचं मी लिहू शकत नाही. मी तिथं नव्हते. जे दिसतं ते लिहीन."

"काय दिसतं?"

"दात तुटलेला दिसतो. ओठाच्या आत एक सरळ, बारीक व्रण दिसतो. पातळ काठानं कापल्यासारखा."

वैष्णवीनं सासूकडं बघितलं. मथुराबाईनं दाताचा तुकडा परत पदराला बांधला. "तुमी दाताच्या डॉक्टर हाव का पोलिस?"

"दाताचीच. म्हणून दाताचंच लिहीन."

"त्येनं पैसे चारले व्हय तुमाला?"

"आत्याबाई," वैष्णवी खालच्या आवाजात म्हणाली.

निवेदिता रागावली ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं, पण आवाज चढला नाही. "मी तुमच्या दिराला ओळखत नाही. बाहेर पेशंट बसलेत. धार घासायची असेल तर आडव्या व्हा, नसेल तर खुर्ची मोकळी करा."

मथुराबाई उठली, चपला घातल्या आणि बाहेर पडली. परतीच्या जीपमध्ये सुनेनं काही विचारलं नाही आणि ते न विचारणं मथुराबाईला जास्त लागलं. पाना नव्हता हे आता घरातल्या माणसाला कळलं होतं.

आठ दिवसांनी तारीख होती. पुढच्या तारखेला साक्षी सुरू होणार एवढंच त्या दिवशी ठरलं. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बब्रुवान गावच्या दोघा-तिघांना घेऊन बसला होता. मथुराबाई जवळून जायला लागली तेव्हा तो तिच्याकडं न बघता, पण तिला ऐकू जाईल असं बोलला, "तुटक्या दातावर जगायली ही. दात बसला तर हिच्यापाशी ऱ्हायलं काय?"

इतकी वर्षं त्यानं तिला नाही नाही ते बोलून घेतलं होतं आणि तिनं प्रत्येकाला उत्तर दिलं होतं. ह्याचं उत्तर मात्र ती दिवसभर शोधत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात न सांगता तिनं लोहाऱ्याची जीप पकडली आणि दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसली.

निवेदितानं मागचं काही काढलं नाही. फोटो काढला, एक्स-रे काढला, थंड लावून दाताची नस जिवंत आहे का बघितलं. नस जिवंत होती. मग रंगाच्या पट्ट्या दातांशेजारी धरून बघायला लागली. "मिसरी लावता ना? अगदी पांढरा बसवला तर एकटाच चमकेल. थोडा पिवळसर घेते. मिसरी मात्र सोडा, जिभेला तीही बाधते."

मशीनची घरघर सुरू झाली तशी मथुराबाईनं खुर्चीचे हात घट्ट धरले. तुटकी कड घासून घेतली, तिच्यावर आंबटसर काहीतरी लावून धुतलं, वारा मारून कोरडं केलं. मग मेणासारखा मसाला थोडा थोडा लावायचा आणि प्रत्येक थरावर निळा उजेड धरायचा. शेवटी दातांत रंगीत कागद धरून चावायला लावलं, लागत होतं तिथं घासलं, गुळगुळीत केलं. पाऊण तास गेला. सुई नाही, रक्त नाही. एवढ्याशा कामासाठी आपण वीस महिने काढले हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला डॉक्टरणीचाही राग आला.

आरसा हातात दिला. तिनं आधी ओठ मिटूनच बघितलं, मग थोडे उघडले. दात तुटायच्या आधी होता तसा दिसत होता. कुणी नवीन माणसानं बघितलं असतं तर इथं कधी काही झालं होतं असं त्याला वाटलं नसतं. "सत्यानाश," ती हळूच म्हणाली. शब्द नीट आला.

"काय म्हणालात?"

"काय न्हाय. बोलून बघितलं."

निवेदिता कागद लिहायला बसली. "पंधरा दिवसांनी जीभ दाखवायला या. जखम भरली नाही तर जिभेचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. आणि दुखापत कशानं झाली ते तुम्ही सांगा. 'रुग्णाच्या सांगण्यावरून' म्हणून तुम्ही म्हणाल ते लिहिते. पाना म्हणालात तर पाना लिहीन."

आता ती हवं ते लिहायला तयार होती. मथुराबाईनं जिभेनं नव्या दाताची कड चाचपली.

"तेवढं मोकळं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

पंधरा दिवसांत जिभेची जखम भरली. महिन्यानं साक्ष झाली. पिंजऱ्यात उभी राहिल्यावर तिनं सरकारी वकिलाच्या प्रश्नांना ठरल्याप्रमाणं उत्तरं दिली, 'कशानं मारलं' ह्याला मात्र 'फिर्यादीत लिवलंय' एवढंच म्हणाली. मग बब्रुवानचा वकील उठला. त्यानं तिला तोंड उघडायला सांगितलं. "दात तर शाबूत आहे," तो म्हणाला. तिनं निवेदिताचा कागद पुढं केला. त्यानं तो वाचला आणि बाजूला ठेवला. "दात तुटला असेल. पण तो चणे खाताना तुटला. माझा अशील त्या दिवशी विहिरीवर गेलाच नव्हता. तो उमरग्याला ट्रॅक्टरच्या कामाला गेला होता. दोन साक्षीदार तसं सांगतील. खरं आहे ना?"

मथुराबाईनं बब्रुवानकडं बघितलं. तो हाताची घडी घालून उभा होता. चेहरा अगदी निवांत होता. तिच्या तोंडातून रक्त गळताना तो असाच उभा राहिला होता. आणि आता तो तिथं नव्हताच म्हणतो.

"साहेब," ती वकिलाला सोडून वर बसलेल्या न्यायाधीशांकडं वळली. "म्या एक खोटं बोललेली हाय. ते आधी काढून टाका, मग ह्याचं खोटं बघा. पाना न्हवता. पेटीचं दार हुतं. म्या वढत हुते, ह्यो धरून हुता. म्या जोर लावला तवा ह्येनं हात काढला. जाणून काढला. दिवस माझा हुता आन् कुलूप ह्येचं हुतं. ह्यो तिथंच हुता. 'झालं समाधान' म्हणून गेला."

शिवशरण वकिलानं मान खाली घातली. न्यायाधीशांनी विचारलं, "मग फिर्यादीत पाना कुठून आला?"

"म्या सांगितला."

"का?"

"हात सोडला म्हणून कोण धरणार हुतं त्येला?"

न्यायाधीश तिला कडक शब्दांत बोलले. खोटी फिर्याद देणाऱ्याला काय होऊ शकतं ते सांगितलं. बाहेर आल्यावर शिवशरण म्हणाला, "मथुराबाई, तुम्ही स्वतःच केस पाडलीत." ती म्हणाली, "व्हय."

दोन महिन्यांनी बब्रुवान निर्दोष सुटला. संशयाचा फायदा, असं निकालात होतं. त्यानं गावात पेढे वाटले. एक पुडा मथुराबाईच्या ओट्यावरही ठेवून गेला. तिनं तो उचलून तसाच त्याच्या दारातल्या म्हशीपुढं टाकला. रणधीर म्हणाला, "आई, खरं बोललीस, आता तरी सोड." तिला वाटलं होतं खरं बोलल्यावर छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. खोटं तिचं गेलं, राग होता तिथंच राहिला. फरक एवढाच पडला की आता तो कुणालाही सांगता येत होता, काही लपवायला नको होतं. गिरणीत ती परत स्वतः जायला लागली. पावसाळ्याआधी रणधीरनं तिच्या नावावर सोलर पंप बसवून दिला आणि सामाईक मोटरीचा संबंध तुटला.

सहा महिन्यांनी ती दात दाखवायला लोहाऱ्याला गेली, तर बाकावर बब्रुवान बसलेला. उजवा गाल सुजून डोळा बारीक झाला होता, हातात रुमाल. बाकावर त्याच्याशेजारी एकच जागा मोकळी होती. मथुराबाई दाराशी उभी राहिली. तो सरकला नाही, तीही बसली नाही. अर्धा तास गेला. बाकीचे पेशंट एकदा तिच्याकडं, एकदा मोकळ्या जागेकडं बघत राहिले.

आत बोलावणं आलं. निवेदितानं दात तपासला, ठीक आहे म्हणाली. मग हात पुसत म्हणाली, "बाहेरचे गृहस्थ तुमच्याच गावचे दिसतात. दाढ काढायचीय, पण फार घाबरलेत. दोनदा खुर्चीवरून उठले. सोबत कुणी नाही. ओळखीचे असतील तर दोन शब्द बोलता का? धीर येईल."

"दीर हाय माझा," मथुराबाई म्हणाली.

कागदावर मोकळं सोडलेलं ते वाक्य निवेदिताला आठवलं असावं. "मग राहू द्या," ती म्हणाली.

मथुराबाई बाहेर आली. बब्रुवाननं पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडं बघितलं. गाल धरून, काही विचारावं तसं. "वैनी, लई दुखतं का वो?"

सतरा-अठरा वर्षांत त्यानं तिला विचारलेला हा पहिला साधा प्रश्न होता. मथुराबाईनं चपला पायात सारल्या, पिशवी काखेत मारली.

"आत जावा, कळंल," ती म्हणाली, आणि माकणीची जीप भरत आली होती तिकडं चालायला लागली.